रेस्टिव्ह घोडा: अडलेला की चुळबुळणारा?

जास्वंद: शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं एक इंग्रजी प्रवासवर्णन मराठीत आणतेय. पसरणी घाटाच्या चढावर टांग्याचा घोडा 'रेस्टिव्ह' होतो. मी लिहिलं, 'घोडा चुळबुळू लागला.' संपादकांनी खोडून 'घोडा अडला' केलं. पुढच्या वाक्यात टांगेवाला उतरून लगाम धरतो, म्हणजे दोन्ही चालतंय. जाणकारांचं मत?

खडीसाखर: संपादकांचं बरोबर. शब्द फ्रेंचमधून आलेला, मुळात लॅटिन 'रेस्तारे', म्हणजे मागे थांबणे. जागचा हलत नाही तो रेस्टिव्ह. आपल्याकडे तयार शब्द आहे की, अडेलतट्टू! 'रेस्टलेस'मधला रेस्ट वेगळ्या कुळातला, जर्मॅनिक. आडनाव एक म्हणून भाऊबंद ठरत नाहीत.

बंब्या: हल्ली इंग्रजी बातमीत जमाव 'रेस्टिव्ह' होतो तेव्हा तो अडून बसलेला नसतो, धुसफुसत असतो. अर्थ कधीच सरकलाय. मामांकडे घोडी होती. अडली की पुतळ्यासारखी थोडीच उभी राहायची! पाऊल पुढे टाकणार नाही, पण खूर आपटेल, मान झटकेल, आडवी सरकेल, मामांचा पाय कुंपणाला घासेल. यातूनच अर्थ बदलला असणार.

खडीसाखर: चूक रूढ झाली म्हणून बरोबर? मग भेटायला 'उत्सुक' अशा अर्थाने 'अँक्शस टु मीट यू'पण चालवा, अँक्शस म्हणजे खरं तर चिंतातुर. आमचे सर तिथे लाल शाई ओतायचे, 'ईगर' लिही म्हणून.

दहिवर: काका, तुमचा 'उत्सुक' त्याच वाटेने आलाय. संस्कृतात उत्सुक म्हणजे बेचैन, चिंतातुरसुद्धा. 'भेटायला उत्सुक' लिहिताना कोण शाई ओततं? आणि अँक्शसच्या मुळाशी लॅटिन 'अंगेरे', गळा आवळणे. वेदांतला 'अंहस्', म्हणजे संकट, त्याचाच चुलतभाऊ.

खडीसाखर: संस्कृतातला अर्थ मराठीला लावायचा नाही, हे तुम्हीच मागच्या चर्चेत म्हणाला होतात.

बंब्या: अवांतर: पित्त वाढलं की माणूस तिरसट होतो, ही समजूत युरोपातही होती. 'कॉलरिक', म्हणजे रागीट, पिवळ्या पित्ताचा; 'मेलन्कोलिक', म्हणजे उदास, काळ्या. 'बिलिअस' तर सरळसरळ पित्तकर. आई म्हणते तेच, 'त्याचं पित्त खवळलंय, नादी लागू नका.'

चटकचांदणी: आणि 'हँग्री' (हंग्री अधिक अँग्री, भुकेने चिडलेला) कुणालाच आठवला नाही? 2018मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात गेला. आमच्या घरी जेवण लांबलं की सासूबाई म्हणतात, 'वसवसायला लागला बघ, ताट वाढ आधी.'

खडीसाखर: वसवसणं कुत्र्याचं. भुकेसाठी वखवखणं.

चटकचांदणी: वखवख हावरटाची हो काका. भरल्या पोटीही असते. वसकन अंगावर येतो तो भुकेला.

जास्वंद: वसवसणं टिपून ठेवलं. पण माझ्या घोड्याचं काय? उद्या प्रकरण द्यायचंय.

दहिवर: 'घोडा बिथरला' लिहून टाक.

खडीसाखर: बिथरणं म्हणजे घाबरून उधळणं! घाटात उधळला तर टांगा दरीत जाईल.