पॅथॉलॉजी लॅब आणि ओटीसाठी मॅट कोणती घ्यावी?

प्रश्न (लॅब_सांगली):
तळमजल्यावर लॅब, वर एक ओटी (ऑपरेशन थिएटर). लॅबच्या फरशीवर व्हिनाइल (प्लास्टिक) शीट आहे. मॅट तीन जागी हवी: मुख्य दार, उभ्याने काम चालतं ती बेंचं (हिमॅटॉलॉजी म्हणजे रक्ततपासणी व हिस्टोपॅथॉलॉजी म्हणजे ऊतींची तपासणी) आणि ओटीचं दार. विक्रेता लॅबभर काळी, भोकांची रबर मॅट आणि ओटीला स्टिकी मॅट (पायाची, चाकांची धूळ चिकटवून घेणारी) सुचवतोय. पुसायला १ टक्का हायपोक्लोराइट (जंतू मारणारं ब्लीच) असतं.

उत्तर (बेंच_टेक):
भोकांची मॅट लॅबमध्ये आणूच नका. स्लाइडची कपची किंवा रक्ताचा थेंब भोकात गेला की फडकं वरून फिरतं आणि घाण खालीच राहते. ती मॅट भांडी धुण्याच्या ओल्या जागेसाठी असते.

काळ्या रबराचा दुसरा तोटा म्हणजे त्यातली रसायनं व्हिनाइलमध्ये उतरतात आणि मॅटच्या आकाराचा पिवळट-तपकिरी डाग पडतो. तो घासून जात नाही, कारण रंग शीटच्या आत गेलेला असतो.

हिमॅटॉलॉजीला सलग पृष्ठभागाची, बंद पेशींच्या (पाणी आत न शोषणाऱ्या) फोमची पॉलियुरेथेन मॅट घ्या. १२ ते १५ मिमी जाडी, कडा उतरत्या. घेण्याआधी तिच्यावर उभं राहून बघा; टाचेला खालची फरशी जाणवली तर फोम हलका आहे. ट्रॉलीच्या वाटेत टाकू नका. रोज संध्याकाळी उचलून उभी ठेवा, खालची ओल सुकू द्या.

हिस्टोपॅथॉलॉजीत जिथे झायलीन (ऊतींवर प्रक्रिया करताना लागणारं द्रावक) वापरतात तिथे मॅट नकोच. झायलीनने पीव्हीसी (व्हिनाइल प्लास्टिक) कडक होतं, रबर फुगतं. तिथे चांगल्या तळव्याचे बूट आणि उंच स्टूल बरं.

उत्तर (संसर्ग_नियंत्रण):
ओटीच्या दारातल्या स्टिकी मॅटवर पैसे घालू नका. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शक सूचनांत ओटीच्या दारात चिकट मॅट वापरू नये असं स्पष्ट म्हटलंय. तिने जखमेचा संसर्ग कमी होत नाही. ओटीची चप्पल वेगळी ठेवा, फरशी नीट पुसा. बांधकाम चालू असेल तेव्हा मात्र धूळ अडवायला ती उपयोगी. एका मॅटवर बहुधा एकावर एक ३० चिकट थर असतात; वरचा मळला की तो काढायचा. कोपऱ्यातून सावकाश, मळलेली बाजू आत गुंडाळत एकच थर काढा. ट्रॉलीच्या ५ इंची चाकाचा घेर जवळपास ४० सेंमी असतो, त्यामुळे चाक पूर्ण फिरेल एवढी लांबी हवी. ओल्या पायांनी चिकटपणा जातो. पावसाळ्यात तिच्याआधी पाणी शोषणारी मॅट हवीच.

प्रश्न (लॅब_सांगली):
मुख्य दाराला मग काय? आणि मॅटवर रक्त सांडलं तर?

उत्तर (बेंच_टेक):
दाराबाहेर खरखरीत, आत शोषणारी. काथ्याची नको, ती ओली राहते. आतली रोज बदलता यावी म्हणून दोन जोड ठेवा.

रक्त आधी टिश्यूने टिपा. मग १ टक्का द्रावण १० मिनिटं राहू द्या आणि साध्या पाण्याने पुसून काढा, नाहीतर हायपोक्लोराइटचा थर राहून मॅट तडकते. बाटली ५ टक्क्यांची असेल तर १ भाग द्रावण, ४ भाग पाणी; रोज ताजं. रक्त चिरेतून फोममध्ये मुरलं असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, मॅट बायोमेडिकल कचऱ्यात द्या.