मदत हवी आहे: निवृत्तीनंतर फ्लोरिडा, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय

मिडलसेक्सकर
नमस्कार मंडळी. डिसेंबरात निवृत्त होतोय. न्यू जर्सीत तीस वर्षं काढली, पण आता इथली थंडी आम्हा दोघांनाही झेपत नाही. गेल्या फेब्रुवारीत ड्राइव्हवेवर मीठ टाकायला बायको पहाटे बाहेर गेली, काचेसारख्या बर्फावर पाय सरकला आणि मनगट मोडलं. आत धातूची पट्टी घातली आहे. अजूनही दोन पोळ्या लाटल्या की तिला थांबून हात झटकावा लागतो. हिवाळा आता पुरे.

फ्लोरिडात एक जागा पसंत पडली आहे. तिथे राज्याचा आयकर नाही. इथे प्रॉपर्टी टॅक्सच वर्षाला साडेअकरा हजार डॉलर जातो. मालकाला शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. फायदे-तोटे पटापट सांगा. "भारतात परत जा" कृपया नको, तो विचार करून झालाय.

टॅम्पावासी
फ्लोरिडात म्हणजे कुठे? घर की कॉन्डो (इमारतीतला मालकीचा फ्लॅट)? बांधकाम कोणत्या साली? पाण्यापासून किती लांब? विम्याचं कोटेशन हातात आहे का? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

रॅलेची_ताई
दादा, नॉर्थ कॅरोलायनाचा विचार का नाही करत? आम्ही सहा वर्षांपूर्वी जर्सीतल्या एडिसनहून इथे कॅरीला आलो. आयकर आहे, पण 2025 ला सरसकट 4.25 टक्के आणि सोशल सिक्युरिटीवर (सरकारी निवृत्तिवेतनावर) काही नाही. हिवाळा जेमतेम दोन महिने. देऊळ जवळ, मराठी मंडळाचा गणपती जोरात, आणि लेकीकडे जर्सीला एका दिवसात गाडीने पोहोचतो.

टॅम्पावासी
ताई, त्यांनी फ्लोरिडाचं विचारलंय. आणि वादळाची भीती घालायची तर 2024 च्या हेलीनने सर्वात जास्त माणसं तुमच्याच राज्यात, ॲशव्हिलच्या डोंगरात नेली.

रॅलेची_ताई
मी वादळाचं नावही काढलं नव्हतं.

दापोली_परत
तुम्ही नको म्हणालात तरी लिहितो, कारण वाचणारे इतरही आहेत. आम्ही 2019 मध्ये परत आलो. उकाडाच हवा असेल तर तो इथेही आहे आणि स्वयंपाकाला बाई मिळते. दोघांचा महिना ऐंशी हजार रुपयांत आरामात निघतो. फक्त मेडिकेअर (65 नंतरचा अमेरिकी सरकारी आरोग्य विमा) भारतात चालत नाही, इथला आरोग्य विमा वेगळा काढावा लागतो आणि साठीनंतर तो काढताना जुन्या दुखण्यांसाठी थांबावं लागतं.

मिडलसेक्सकर
विषय फ्लोरिडाचा आहे हो. कॉन्डो आहे. क्लिअरवॉटरजवळ, पाण्यापासून अर्धा मैल. चार मजली इमारत, तिसरा मजला, 1987 ची. एचओए (इमारतीच्या देखभालीची वर्गणी) महिना 640 डॉलर. आताच्या मालकाला प्रॉपर्टी टॅक्स फक्त 1,900 येतो. सांगा आता.

आकडेमोड
तो 1,900 तुमचा नाही. फ्लोरिडात राहत्या घराचं करपात्र मूल्य वर्षाला जास्तीत जास्त 3 टक्के वाढवता येतं. मालक वीस वर्षं राहिला असेल तर त्याचं मूल्य तिथेच दबून राहिलेलं असतं. घर विकलं की पुढच्या 1 जानेवारीला ते बाजारभावावर येतं. काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) संकेतस्थळावर कर काढून बघायची सोय असते, तिथे तुमची किंमत घालून बघा. होमस्टेड (राहत्या घराच्या) सवलतीचा अर्ज 1 मार्चपर्यंत करावा लागतो, तो विसरू नका.

दुसरं म्हणजे, तुम्ही जर्सीचा आयकर नक्की किती वाचवणार? जर्सीही सोशल सिक्युरिटीवर कर घेत नाही. 62 च्या पुढे, एकूण उत्पन्न दीड लाख डॉलरच्या आत असेल तर पेन्शन आणि 401के (नोकरीतलं निवृत्तीचं बचत खातं) वर मोठी सूट मिळते. शिवाय 65 नंतर प्रॉपर्टी टॅक्समध्ये सवलतीच्या योजना आहेत. आधी हे मांडून बघा. बऱ्याच जणांचा वाचणारा आयकर हजार-दोन हजारांचाच निघतो.

बर्गनवाले
आणि जर्सी सोडताना एक्झिट टॅक्स (राज्य सोडण्याचा कर) लागतो! आमच्या शेजाऱ्याचे क्लोजिंगला (घराच्या खरेदीखताच्या वेळी) पैसे कापले.

आकडेमोड
असा वेगळा कर नाही. घर विकताना तुम्ही परराज्यातले झाला असाल तर नफ्यावरचा कर आगाऊ कापतात, एवढंच. राहतं घर असेल आणि नवरा-बायकोचा मिळून नफा पाच लाख डॉलरच्या आत असेल तर क्लोजिंगच्या फॉर्मवर तसं लिहायचं, कापत नाहीत. शेजाऱ्यांना म्हणावं रिटर्न भरा, जास्तीचे परत मिळतील.

टॅम्पावासी
1987 आणि चार मजले म्हणताय, मग मूळ मुद्दा इथे आहे. 2021 च्या जूनमध्ये सर्फसाइडला बारा मजली कॉन्डो कोसळला, 98 माणसं गेली. त्यानंतर राज्याने कायदा केला: तीन किंवा जास्त मजल्यांच्या इमारतीची तीस वर्षांनी तपासणी (किनाऱ्याजवळ काउंटी पंचवीसही ठरवू शकते), आणि छप्पर, खांब, गच्चीचं वॉटरप्रूफिंग यांसाठी राखीव निधी. पूर्वी मालक मतदान करून तो निधी टाळायचे, म्हणून महिन्याची वर्गणी स्वस्त दिसायची. आता टाळता येत नाही. तुमची इमारत त्यात बसते. तपासणीचा अहवाल, राखीव निधीचा अभ्यास आणि गेल्या दोन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं मागा. माझ्या मेहुण्याला घर घेतल्यावर पाचव्या महिन्यात 38 हजार डॉलरच्या जादा वर्गणीची नोटीस आली. दुरुस्तीची चर्चा आधीच्या तीन इतिवृत्तांत होती, त्याने वाचली नव्हती.

मिडलसेक्सकर
रिअल्टर (घरांची दलाल) म्हणाली सगळं व्यवस्थित आहे.

टॅम्पावासी
कागद मागा. रिअल्टरला क्लोजिंग झाल्याशिवाय कमिशन मिळत नाही.

पाण्याचंही सांगतो. 26 सप्टेंबर 2024 ला हेलीन आलं तेव्हा पिनेलस काउंटीच्या (क्लिअरवॉटर याच काउंटीत येतं) किनाऱ्यावर खाडीचं पाणी घराघरांत शिरलं. आठवडाभर आम्ही मित्राच्या घरातून भिजलेले सोफे, गाद्या, भिंतींचे फुगलेले तक्ते काढून रस्त्याकडेला रचत होतो. फ्रीज दोरीने बांधून तसाच बाहेर काढला, कारण उघडला असता तर उभं राहवलं नसतं. तो ढीग उचलायच्या आत 9 ऑक्टोबरला मिल्टन वादळ आलं. आम्ही किनाऱ्यापासून आत राहतो, पाणी आलं नाही, पण चार दिवस वीज नव्हती. ती चार दिवसांची गरमी साठीच्या पुढच्या माणसाने सोसणं सोपं नाही. तिसऱ्या मजल्यावर पाणी येणार नाही हे खरं, पण लिफ्ट बंद पडली की तिसरा मजला फार उंच होतो.

फिनिक्सचा_ऊन्हाळा
म्हणून आम्ही ॲरिझोना निवडलं. वादळ नाही, दमटपणा नाही, आयकर सरसकट 2.5 टक्के. घाम चिकटत नाही.

टॅम्पावासी
2023 मध्ये 30 जून ते 30 जुलै सलग 31 दिवस पारा 110 फॅरनहाइटला किंवा वर होता तुमच्याकडे. सेल्सिअसमध्ये 43 च्या वर. सकाळी सहालाही फिरायला जाता येत नसेल तर कोरडेपणाचं काय करायचं?

फिनिक्सचा_ऊन्हाळा
पाचला जातो. आणि ऑक्टोबर ते एप्रिल सोनं आहे.

रॅलेची_ताई
दादा, एक विचारायचं राहिलं. वहिनींचं वय काय?

मिडलसेक्सकर
61. मी 65. माझं मेडिकेअर सुरू होईल. का?

रॅलेची_ताई
कारण त्यांना मेडिकेअर नाही. त्या तुमच्या कंपनीच्या विम्यावर आहेत ना? डिसेंबरनंतर त्यांचं काय? कोब्रा कायद्याखाली नोकरी सुटल्यावर तो काही काळ चालवता येतो, पण पूर्ण हप्ता खिशातून, आणि चार वर्षं पुरणार नाही. शिवाय विम्याचं डॉक्टरांचं नेटवर्क जर्सीचं असेल तर क्लिअरवॉटरचा हाडांचा डॉक्टर त्यात सापडायचा नाही. राज्य बदललं की मार्केटप्लेसचा (सरकारी विमा-बाजारातला) प्लॅन नव्याने घ्यावा लागतो. माझ्या यजमानांनी 65 ला मेडिकेअर ॲडव्हान्टेज (खासगी कंपनीमार्फतचं मेडिकेअर) घेतला होता, तो काउंटीपुरता. कॅरीला आलो तर पहिले दोन महिने डॉक्टर शोधण्यात गेले. मेडिगॅप (मेडिकेअरने न भरलेल्या खर्चासाठीचा पूरक विमा) जास्त सोयीचा, पण पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टर-खर्चाचा भाग) सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या सहा महिन्यांतच तो विनाचौकशी मिळतो. ते सहा महिने वाया घालवू नका.

मिडलसेक्सकर
ताई, हे मी खरंच धरलं नव्हतं. तिच्या हाताची पुढची तपासणी मार्चमध्ये आहे, इथल्याच सर्जनकडे. पट्टी काढायची की नाही तेव्हा ठरणार.

सुगरण_शार्लट
फ्लोरिडाला जाताना कढीपत्त्याची कुंडी नेता येते का हो? माझं झाड बारा वर्षांचं आहे. बहीण ऑर्लँडोला राहते, तिला द्यायचंय.

दापोली_परत
आमच्याकडे कुंपणाला लावलाय.

आकडेमोड
मिडलसेक्सकर, आणखी एक. दोन्ही घरं ठेवून सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे करणार असाल तर फ्लोरिडाचे रहिवासी होणं नुसतं पत्ता बदलून होत नाही. जर्सीत घर ठेवून 183 पेक्षा जास्त दिवस राहिलात तर जर्सी तुम्हाला रहिवासीच धरते. लायसन्स, मतदार नोंदणी, डोमिसाइलचं (कायमच्या वास्तव्याचं) प्रतिज्ञापत्र, सगळं तिकडचं करा आणि दिवसांची नोंद ठेवा.

मिडलसेक्सकर
रिअल्टरकडे इतिवृत्तं आणि तपासणी अहवाल मागितले. अहवाल "येतोय" म्हणाली, इतिवृत्तं एकाच सभेची पाठवली. त्यात गच्चीच्या कामाची निविदा मागवल्याचा उल्लेख आहे, रक्कम नाही. आयकराचा हिशेब मांडला, वर्षाला चौदाशे डॉलरच वाचतात. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, मला फ्लोरिडा नको असं नाही, मला बर्फ नको.

मालकाला आज नकार कळवला. जानेवारी ते मार्च तिकडे भाड्याने जागा बघतोय, मार्चच्या तपासणीला विमानाने परत येऊ. आणि पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा तीन आठवडे, उकाडा कळावा म्हणून. टॅम्पावासी, तुमच्या बाजूला, खाडीपासून आत, तळमजल्यावर काही असेल तर कळवाल का?

टॅम्पावासी
व्यक्तिगत निरोप पाठवलाय. बाथरूममध्ये धरायला दांडा आहे का ते विचारून ठेवतो, वहिनींच्या हातासाठी.

आकडेमोड
सुगरण, कुंडी नेऊ नका. लिंबू-संत्र्यांचा ग्रीनिंग रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावर राहते. 2005 पासून फ्लोरिडाच्या बागा त्याने उद्ध्वस्त झाल्यात, म्हणून या झाडांच्या ने-आणीवर निर्बंध आहेत. बहिणीला तिथल्या परवानाधारक नर्सरीतून रोप घ्यायला सांगा.