राजकीय व्हिडिओंतून मिळणाऱ्या पैशाला कायद्याची मर्यादा कुठे लागते?

प्रश्न:
माझ्या यूट्यूब वाहिनीवर मी विधिमंडळातील चर्चांचे आणि निवडणुकांचे विश्लेषण करतो, आणि जाहिरातींच्या उत्पन्नातील वाटा मला मिळतो. आता एका उमेदवाराच्या कार्यालयातून निरोप आला आहे, की दर व्हिडिओमागे ठरावीक रक्कम देऊ, मात्र त्याची वाच्यता करू नये. पहिले उत्पन्न वैध आणि दुसरे अवैध, इतके हे सरळ आहे का?

उत्तर १:
तितके सरळ नाही. राजकीय मत मांडून पैसे मिळवण्यावर भारतात सरसकट बंदी नाही. पैसा कोणाकडून आणि कशासाठी आला, याला महत्त्व आहे. निवडणूक आयोगाच्या २५ ऑक्टोबर २०१३ च्या निर्देशांनुसार समाजमाध्यमांवरील प्रचाराचा खर्च, अगदी मजकूर तयार करून घेण्याचा खर्चसुद्धा, उमेदवाराला आपल्या हिशेबात दाखवावा लागतो. हा हिशेब ठेवण्याचे बंधन लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७७ मध्ये आहे आणि खर्चाची कमाल मर्यादाही त्याच कलमाखाली येते. तेव्हा ‘वाच्यता करू नये’ या अटीचा अर्थ उघड आहे: तुमचे मानधन त्या हिशेबात येऊ द्यायचे नाही. शिवाय इंटरनेटवरील राजकीय जाहिरातीला प्रसिद्धीपूर्वी प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि पैसे घेऊन केलेला तुमचा व्हिडिओ जाहिरात नव्हे, असे सिद्ध करणे अवघड जाईल.

उत्तर २:
निरोप देणारी व्यक्ती खरोखर उमेदवाराची आहे का, हेही पाहा. उमेदवाराच्या लेखी संमतीविना त्याच्या प्रचारावर इतर कोणी खर्च केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ नुसार दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड किरकोळच आहे, पण प्रकरण त्यामुळे मिटत नाही.

प्रश्नकर्ता:
आणि पैसे देणारा उमेदवार नसून एखादी खासगी कंपनी असेल तर?

उत्तर ३:
मग त्या कंपनीमागे कोण आहे, हे विचारा. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने आरटी या रशियन सरकारी वाहिनीच्या दोन कर्मचाऱ्यांवर आरोप ठेवले. सुमारे १ कोटी डॉलर टेनेसीतील एका कंपनीमार्फत राजकीय व्हिडिओंसाठी वळवले आणि दोन भाष्यकारांपुढे एक काल्पनिक गुंतवणूकदार उभा केला, असे आरोपपत्रात म्हटले होते. पैसे देणारा असा लपून राहू नये म्हणून युरोपीय संघाचा राजकीय जाहिरातींविषयीचा २०२४ चा नियम पुरस्कर्त्याचे नाव जाहीर करायला लावतो. स्वतःच्या नावाने, मोबदल्याविना मांडलेल्या मताला मात्र तो लागू नाही.

उत्तर १ (पुन्हा):
लेखी करार मागा. त्यांनी नकार दिला, तर तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्यांनीच दिले असे समजा.