चिपळूण: पेठमापातला सखल प्लॉट की डोंगरउतारावरचा? पूररेषा, जोतं, दरड

खाडीवारा

चिपळुणात घर बांधायचं आहे. दोन जागा पाहिल्यात. पहिली पेठमापात, साडेपाच गुंठे, वर जुनं कौलारू घर. त्याच्या भिंतीवर 2021 च्या पुराची खूण अंगणापासून 2.6 मीटरवर आहे. दुसरी कापसाळच्या बाजूला उतारावर, चार गुंठे, जेसीबीने कापून सपाट केलेली. मागे साधारण 4 मीटरची उभी कापणी आहे आणि पुढच्या अंगाला भराव.

एजंट म्हणतो, "पहिली लाल रेषेत आहे, पण परवानगी मिळते. दुसरीला पुराचं भय नाही." दोन्ही वाक्यांवर कितपत विसंबावं? सखल जागा घेतली तर जोतं किती उचलायचं, आणि वरची घेतली तर काय तपासायचं?

पाणपातळी

एजंट खोटं बोलत नाहीये, अर्धं बोलतोय.

आधी पूररेषा म्हणजे काय ते पाहू. निळी रेषा ढोबळमानाने 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा: बाग, मोकळी जागा, पार्किंग, ओट्यांची भाजीमंडई असल्याच गोष्टींना वाव. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा: तिथे बांधकाम होतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर वर. हे राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत (डिसेंबर 2020) आहे. निळ्या रेषेच्या आतल्या अधिकृत जुन्या घराच्या पुनर्विकासालाही त्याच उंचीची अट घालून वाट ठेवलेली आहे. 'अधिकृत' या शब्दावर सगळं अडतं. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवाना नव्हे, जुना मंजूर नकाशा मागा.

आता मुख्य मुद्दा. लोक "रेषेपासून किती फूट" विचारतात. विचारायचं ते "पातळी किती". रेषा हा त्या पातळीचा जमिनीवरचा माग, आणि नकाशावर ती काढताना दोन छेदांमधली (नदी आडवी मोजलेल्या ठिकाणांमधली) जमीन बरीचशी अंदाजानेच जोडलेली असते. म्हणून पाटबंधारे विभागाकडून तुमच्या जागेजवळच्या छेदावरची निळ्या आणि लाल रेषेची आर.एल. (एका ठरलेल्या पायापासून मोजलेली उंची) लेखी घ्या. मग सर्व्हेअरकडून जवळच्या बेंचमार्कपासून (आर.एल. माहीत असलेली पक्की खूण) ऑटो लेव्हलने (दुर्बिणीच्या यंत्राने) प्लॉटच्या चारही कोपऱ्यांची, अंगणाची आणि भिंतीवरच्या त्या खुणेची आर.एल. काढून घ्या. काम संपल्यावर त्याला पुन्हा बेंचमार्कवर येऊन जुळणी दाखवायला सांगा, नाहीतर 20-30 सेंटिमीटरची चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. मोबाइलमधली उंची या कामाला निरुपयोगी.

आकडे फक्त उदाहरणादाखल: अंगण 5.80, लाल रेषा 8.10. नियमाने जोतं 8.55. पण भिंतीवरची खूण 5.80 + 2.60 = 8.40 येते. म्हणजे नियम पाळूनही 2021 च्या पाण्यापेक्षा तुम्ही जेमतेम 15 सेंटिमीटर वर. अशा वेळी लाल रेषा आणि ही खूण यांत जी पातळी जास्त तिच्यावर 60 सेंटिमीटर धरा, जोतं 9.00. अंगणापासून 3.2 मीटर. याचा सरळ अर्थ: तळमजला नाहीच, स्टिल्ट आहे (खाली नुसते खांब, घर वर). पार्किंगचा स्टिल्ट एफएसआयमध्ये (प्लॉटवर बांधता येणाऱ्या क्षेत्राच्या मर्यादेत) धरत नाहीत, त्यामुळे क्षेत्र बुडत नाही.

चिपळूणचं दुखणं नुसतं पावसाचं नाही. सह्याद्रीवरून वाशिष्ठी उतरते, शहरातून शिवनदी येऊन मिळते, कोयनेचं वीजनिर्मितीचं पाणी पोफळी-कोळकेवाडीकडून याच नदीत सुटतं, आणि खालून दाभोळच्या खाडीतली भरती दाबते. 2021 चा पूर आला त्या 22 जुलैला पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाण. भरती असेपर्यंत पाणी उतरत नाही. भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपट हा जुना हिशेब (पौर्णिमेला 15 × ¾ म्हणजे सव्वाअकरा) किनाऱ्यासाठी ठीक. चिपळुणात भरती त्याहून उशिरा पोचते.

भरतीचं पाणी इथपर्यंत येतं म्हणून सीआरझेडही (किनारी नियमन क्षेत्र, जिथे बांधकामावर बंधनं असतात) तपासा. 2019 च्या अधिसूचनेत खाडीकाठी 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत जे कमी ते. पूररेषेचा दाखला मिळाला म्हणजे हे सुटलं असं नाही.

जोत्यापासून

वरचं पटलं. बांधकामाबद्दल भर घालतो.

स्टिल्टचा भाग पाण्याला मोकळा सोडायचा. 2 मीटर पाणी एका बाजूला आणि दुसरी बाजू कोरडी असेल तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे 2 टनांचा रेटा येतो. चिऱ्याची भिंत हे सोसत नाही, आणि पडताना खांबाला धक्का देऊन जाते. समोरासमोरच्या दोन बाजूंना जाळी किंवा ग्रिल, बस. "एक खोली तरी खाली काढू, भाडं येईल" हा मोह टाळा. परवानगीतही ते बसत नाही.

खांबांचे पाये सुटे नकोत. काठाची गाळमाती भिजली की सुटे पाये वेगवेगळे खचतात. माती तपासून घ्या, आणि निदान जमिनीलगत दोन्ही दिशांनी टाय बीम (खांब एकमेकांना बांधणाऱ्या तुळया) घाला. प्रवाहाच्या बाजूच्या खांबांना वाहत आलेले ओंडके, पिंपं, गाड्या धडकतात. तिथे कव्हर (सळईवरचं काँक्रीट) वाढवा आणि रिंगा (सळयांभोवतीच्या कड्या) जवळ घ्या.

कंपाउंड चिऱ्याचं भक्कम बांधू नका. प्रवाहाला आडवी भिंत आधी पाणी अडवते, मग एकदम जाते. दीड फुटाचा गडगा आणि वर रेलिंग.

टाक्यांकडे लोकांचं हमखास दुर्लक्ष होतं. बाहेरून 2×2×2 मीटरची जमिनीतली टाकी रिकामी असेल तर भिजलेल्या मातीत तिला 8 टनांची उचल मिळते. पावसाळ्यात साठवण टाकी भरलेलीच ठेवा, किंवा सरळ वर बांधा. सेप्टिक टाकीच्या बाहेर जाणाऱ्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, झाकण बोल्टचं घ्या, व्हेंट पाइप पूरपातळीच्या वर न्या. नाहीतर पाणी अंगणात येण्याआधी संडासातून वर येतं.

मीटर, मेन स्विच, इन्व्हर्टर, पंपाचा स्टार्टर सगळं जोत्याच्या वर. खालच्या दिव्यांना वेगळा एमसीबी (जादा करंटला तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (गळतीचा करंट आला की वीज तोडणारा), वायरिंग वरून खाली उतरलेलं. गॅस सिलिंडर वरच, खाली ठेवायचेच असतील तर साखळीने बांधून. जिना गच्चीपर्यंत जायलाच हवा. वर पत्र्याची शेड घातलीत तरी माणूस उभा राहील अशी स्लॅबची मोकळी जागा आणि तिथून बाहेर पडायची वाट ठेवा. खालच्या फरशीला 1:60 उतार आणि एक होजचा नळ द्या. गाळ ओला असतानाच धुऊन काढावा लागतो. वाळला की फावड्यानेही निघत नाही.

खाडीवारा

दोघांचेही आभार. दोन शंका. एक, 3 मीटर भराव टाकून प्लॉटच उचलला तर? दोन, वाशिष्ठीतला गाळ काढलाय, त्यामुळे आता पातळी कमी धरावी असं काही जण सांगतात.

पाणपातळी

भरावाला माझा साफ विरोध. साडेपाच गुंठे म्हणजे सुमारे 550 चौरस मीटर. 3 मीटर म्हणजे 1,650 घनमीटर माती, दाबून बसवायची तर त्याहून जास्त. तेवढं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जातं. कडेला धारक भिंत नसेल तर पहिल्याच पुरात कडा धुपते. आणि प्लॉटमधून जुना वहाळ (ओढा) जात असेल तर तो बुजतो. जुना गाव नकाशा काढून पाहा. लेआउटमध्ये गायब झालेला पऱ्या (छोटा ओढा) तिथे सापडतो.

गाळाचं म्हणाल तर तो काढायलाच हवा होता. 2021 नंतर शहरात त्यासाठी आंदोलन झालं ते उगाच नव्हे. नेहमीच्या पुरात पाणी काठाखाली राहायला त्याची मदत होते. पण मोठ्या पुरात पात्राबाहेरून वाहणारं पाणीच इतकं असतं, आणि खालून भरतीचा दाब असतो, की तळ खोल केल्याचा फायदा बराच घटतो. शिवाय डोंगर धुपतोय तोवर गाळ येतच राहणार. जोतं एकदाच बांधायचं असतं, गाळ दरवर्षी येतो. लाल रेषा अधिकृतपणे बदलून लेखी हातात येईपर्यंत जुनीच धरा.

जोत्यापासून

एवढी टोकाची भूमिका नको. अंगणाचे खड्डे बुजवून पाणी रस्त्याच्या गटाराकडे वळवण्यापुरता एक-दीड फूट मुरूम चालतो. 3 मीटरला मात्र माझाही नकारच.

गडगा

वरच्या प्लॉटबद्दल कुणी बोललं नाही. तिथे पुराचं भय नाही हे खरं, दरडीचं आहे. त्याच 22 जुलैच्या पावसात महाडचं तळिये गेलं, खेडचं पोसरेही.

पहिली तपासणी मूळ उताराची. 1:5 पेक्षा तीव्र उतारावर नियमावली बांधकाम करू देत नाही, आणि कापून सपाट केल्याने मूळ उतार बदलत नाही. झोन दाखला आणि भाग नकाशा नगररचनेकडून घ्या.

मग मागची 4 मीटरची कापणी. वरचा जांभा कोरडा असताना भिंतीसारखा उभा राहतो, म्हणून सगळे निर्धास्त असतात. त्याच्याखाली पिवळसर-पांढरी चिकणमाती असते. पाणी जांभ्याच्या भेगांतून उतरून त्या मातीवर थांबतं, माती लोण्यासारखी होते आणि वरचा थर घसरतो. कापणीच्या तळाशी ही माती उघडी पडली असेल तर तो प्लॉट मी घेणार नाही.

तसं नसेल तर धारक भिंत लागेल, आणि तिचं डिझाइन इंजिनिअरकडून. ढोबळ अंदाज: तळाची रुंदी उंचीच्या निम्मी ते पाऊणपट, म्हणजे 4 मीटरला 2 ते 3 मीटर. 75-100 मिलिमीटरचे वीप होल (मागचं पाणी बाहेर सोडणारी भोकं) दीड-दीड मीटरवर, बाहेरच्या बाजूला उतरते, मागे किमान 300 मिलिमीटर खडीचा थर. भिंती पडतात त्या बहुतेक मागे साठलेल्या पाण्याने. मातीचं वजन एरवी पेलतं. म्हणून वरच्या अंगाला पक्का चर काढून पाणी बाजूच्या वहाळात सोडा. तो चर शेजाऱ्याच्या हद्दीत येत असेल तर खरेदीआधी लेखी संमती घ्या, नंतर मिळत नाही.

तिसरं, अर्धं घर कापणीवर आणि अर्धं भरावावर अजिबात नको. भराव बसतो, कापणी बसत नाही, मधून तिरपी भेग जाते. घर पूर्ण मागे घ्यावं तर कापणीच्या पायथ्याशी येतं. म्हणून पुढचे खांब भराव ओलांडून पक्क्या मुरमापर्यंत न्यावे लागतात. खर्च मोजा, स्वस्त वाटणारा प्लॉट इथेच महाग पडतो.

विमापत्र

विम्याचं थोडक्यात. 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत पूर आणि दरड दोन्ही धरलेलं आहे. विमा रक्कम पुनर्बांधणीच्या खर्चावर काढायची, जमिनीची किंमत त्यात येत नाही. सामानाला इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के आपोआप मिळतात, कमाल 10 लाख.

मात्र अपवाद वाचा: भरावाच्या जमिनीचं खचणं, नदीकाठची धूप, सदोष डिझाइन आणि खोदकामामुळे झालेलं खचणं वगळलेलं आहे. म्हणजे वरच्या प्लॉटचा भराव आणि कापणी, दोन्ही ठिकाणी दावा अडू शकतो.

खाडीवारा

कळलं. आधी दोन्हीकडची लेव्हल काढून घेतो. वरचा प्लॉट पावसात पाहिला तर काही कळेल का?

गडगा

पावसातच पाहा, जुलैत, सलग दोन दिवस कोसळल्यावर. कापणीखाली उभे राहू नका, बाजूने जा. झरा कुठे फुटलाय आणि पाणी स्वच्छ आहे की गढूळ ते पाहा. गढूळ म्हणजे आतली माती वाहतेय. वरच्या अंगाला जमिनीत उताराला आडव्या भेगा, बुंध्यात वाकलेली झाडं, कललेले विजेचे खांब दिसले तर टोकन देऊ नका. कापणीच्या माथ्यावर चुन्याने रेघ मारून फोटो घ्या आणि गणपतीत त्याच जागेवरून पुन्हा काढा.