पाया उणे दोन घेतला तर

संख्या लिहिताना पाया (डावीकडे एक घर सरकलं की किंमत जितकी पट होते तो आकडा; नेहमीच्या पद्धतीत १०) कोणताही घेतला तरी ऋण संख्येला वेगळं चिन्ह लागणारच, असं म्हटलं जातं; पण ते पाया धन असेपर्यंतच खरं आहे. पाया -२ घेऊन बघा. अंक ० आणि १ हेच, पण स्थानांच्या किमती उजवीकडून १, -२, ४, -८, १६, -३२ अशा होतात. १३ म्हणजे १११०१ (१६ - ८ + ४ + १) आणि -१३ म्हणजे ११०१११. चिन्ह कुठेच नाही, तरी प्रत्येक पूर्णांक लिहिता येतो, आणि तोही एकाच प्रकारे. विट्टोरिओ ग्रुनवाल्ड या इटालियन गणितज्ञाने ऋण पायांवर १८८५ मध्येच लिहिलं होतं.

मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हे, की संख्या धन आहे की ऋण, ते नुसते अंक मोजून कळतं. अंकांची संख्या विषम असेल तर धन, सम असेल तर ऋण (शून्य सोडून). डावीकडचा पहिला १ सोळाच्या घरात असेल, तर उरलेली ऋण स्थानं सगळी भरली तरी -८ आणि -२ मिळून -१० च होतात. सोळाला ती पुरी पडत नाहीत. पुढेही हेच चालतं.

३ ची कसोटी तर आयतीच मिळते: अंकांची बेरीज ३ ने भागली गेली की संख्याही भागली जाते. या पद्धतीत दोन संख्यांची बेरीज करताना मात्र जपून, कारण १ + १ = ११०, म्हणजे हातचा एकदम दोन घरांत जातो.