नऊ गाड्यांच्या ग्रुपसाठी मेश इंटरकॉम घ्यावा की वॉकी-टॉकी?

शेवटची_गाडी

आमचा नऊ जणांचा मोटरसायकलचा ग्रुप आहे आणि स्वीप मी असते, म्हणजे सगळ्यांच्या मागे. गेल्या राइडला घाट चढताना माझ्या पुढच्या गाडीची चेन तुटली. तो थांबला, मी थांबले, बाकीचे सातजण वळणाआड गेले. मोबाइलला रेंज नव्हती. पुढच्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते घाट उतरून गेले होते. ते परत येईपर्यंत पाऊण तास गेला. चेनच तुटली होती, माणूस धड होता. पण तो पडला असता तर मी एकटीने काय केलं असतं, हे काही डोक्यातून जात नाही.

आता काहीतरी घ्यायचंच असं ठरलंय. तिघांकडे आधीपासून हेल्मेटमधले ब्लूटूथ इंटरकॉम आहेत, तेही दोन वेगळ्या कंपन्यांचे. एकाचं म्हणणं सगळ्यांनी मेश, म्हणजे सगळ्या गाड्या जाळ्यासारख्या जोडणारा इंटरकॉम, घ्यावा, दुसऱ्याचं म्हणणं वॉकी-टॉकी पुरेत. दोघांना तर दिवसभर कानात गप्पा नकोच आहेत. माझं हेल्मेट फुल-फेस आहे आणि दिवसाचे आठेक तास आम्ही गाडीवर असतो. ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सांगा.

तिसरा_गिअर

मेश घ्या. जुन्या ब्लूटूथ इंटरकॉममध्ये गाड्या साखळीसारख्या जोडलेल्या असतात, मधला एक गळाला की मागचे सगळे तुटतात. मेश आपापला रस्ता शोधतो आणि मागे राहिलेला जवळ आला की आपोआप जोडला जातो. कार्डो कंपनीच्या मेशवर १५ जण बसतात, सेना कंपनीच्या ग्रुप मेशवर २४, त्यामुळे नऊ म्हणजे काहीच नाही. फक्त सगळ्यांनी एकाच कंपनीचा घ्या. दोन कंपन्यांचे सेट ‘युनिव्हर्सल’ मोडमध्ये जोडता येतात, पण तेव्हा एक सेट दुसऱ्याला फोन समजून जोडतो. दोघांपुरतं ते चालतं, नऊ जणांचा डोलारा त्यावर उभा राहत नाही.

लांबची_हाक

ताई, मेश चांगलाच आहे, मी स्वतः वापरतो. पण तुमच्या त्या दिवशी तो उपयोगी पडला नसता. मेश एका गाडीकडून दुसऱ्या गाडीकडे आवाज पोचवतो, त्यासाठी मध्ये गाडी लागते. तुम्ही दोघे मागे, सातजण पुढे, मध्ये फक्त डोंगर. मेशचे दोन तुकडे झाले असते आणि दोन्ही तुकड्यांत गप्पा मजेत चालू राहिल्या असत्या. डब्यावर लिहिलेलं अंतर मोकळ्या, सरळ रस्त्यावरचं असतं. हे सेट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि त्या लहरींना साधा कडासुद्धा आडवा येतो.

म्हणून मी आधी लीड, म्हणजे सगळ्यांत पुढचा, आणि स्वीप यांच्यातला दुवा पक्का करतो, गप्पांचं नंतर बघतो. त्या दोघांकडे रेडिओ, म्हणजे वॉकी-टॉकी, हवा. परवान्याशिवाय काय चालतं ते प्रत्येक देशात वेगळं आहे. युरोपात ४४६ मेगाहर्ट्झचे अर्ध्या वॉटचे सेट चालतात, अमेरिकेत एफआरएस नावाच्या पट्ट्यातले. तुमच्याकडचा नियम बघूनच खरेदी करा. बाओफेंग यूव्ही-५आरसारखे पाच वॉटचे सेट सहज मिळतात, पण हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या, पट्ट्यात बोलायला हॅमचा परवाना लागतो. मी परीक्षा देऊन तो काढला आणि त्या अभ्यासातून अँटेनाबद्दल जे कळलं ते राइडला जास्त उपयोगी पडलं. अर्धा वॉट की पाच वॉट, यापेक्षा अँटेना कुठे आहे याने जास्त फरक पडतो. जॅकेटच्या खिशात सेट ठेवला की निम्मा सिग्नल आपलं अंगच खातं, शिवाय पडलो तर तो बरगडीत घुसतो. टँक बॅगमध्ये उभा ठेवा.

व्हॉक्स, म्हणजे आवाज आला की आपोआप बोलणं सुरू, बंदच ठेवा. वाऱ्याने तो उघडतो आणि चॅनल सगळ्यांसाठी अडून बसतो. डाव्या ग्रिपवर पीटीटीचं, म्हणजे दाबून बोलायचं, बटण बांधा. रेडिओ हेल्मेटशी वायरने जोडणार असाल तर मानेजवळ सहज सुटणारा जोड हवा. तुमच्याकडे ब्लूटूथ हेडसेट असेल तर सेनाच्या एसआर१०सारखा अडॅप्टर रेडिओ आणि हेल्मेटच्या मध्ये बसतो. आणि ‘प्रायव्हसी कोड’ सगळे बंद करा. त्याने बोलणं गुप्त होत नाही, फक्त ज्याचा कोड वेगळा तो बहिरा होतो. आमच्यातला एकजण असा अख्खा दिवस एकटा चालवत राहिला आणि आम्हाला वाटलं त्याला बोलायचं नाही.

रेडिओही डोंगराआड तुटेल, हे धरूनच चाला. त्यामुळे आम्ही ठरावीक वेळाने हाक देतो. लीड दर दहा मिनिटांनी ‘मागे?’ विचारतो, स्वीप ‘सगळे आहेत’ म्हणतो. दोन हाका रिकाम्या गेल्या की लीड सुरक्षित जागा बघून थांबतो आणि मागे फिरतो. मोबाइल लावून बघणं वगैरे काही नाही, सरळ मागे फिरायचं.

गप्पा नको म्हणणाऱ्या दोघांना काही घ्यायला लावू नका. त्यांना मध्ये ठेवा, आरशात मागचा दिसला पाहिजे एवढंच सांगा.

हेल्मेट_हातात

एक बसवण्याबद्दल. बहुतेकजण स्पीकर हेल्मेटच्या खाचेत चिकटवतात आणि आवाज कमी म्हणून सेटला दोष देतात. खाच कानाच्या भोकासमोर असेलच असं नाही. डोळे मिटून हेल्मेट घाला, स्पीकर बोटभर इकडेतिकडे सरकवा, आवाज एकदम उघडतो ती जागा पकडा. फुल-फेसला दांडीचा माइक न घेता वायरचा, हनुवटीच्या पट्टीत बसणारा घ्या.

आणि इअरप्लग घालाच. ताशी १०० किमीला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. प्लग घातल्यावर वारा दबतो आणि बोलणं उलट स्पष्ट ऐकू येतं. आठ तास तो वारा झेलू नका.

शेवटची_गाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. ओळखीच्यांकडून दोन वॉकी-टॉकी मागून आणले आणि काल त्याच घाटात आम्ही चौघे गेलो. तिसऱ्या वळणापुढे रेडिओ तुटला, वरच्या पठारावरून पुन्हा स्वच्छ लागला. माझा सेट आधी खिशात होता, टँक बॅगवर उभा केल्यावर मधल्या एका वळणावरही बोलणं झालं.

मग लीडला न सांगता मी मुद्दाम थांबले आणि सेट बंद केला. दोन हाका रिकाम्या गेल्या, तो फिरला, आणि बंद केल्यापासून पंचवीस मिनिटांनी माझ्यासमोर उभा होता. तेव्हा पाऊण तास लागला होता. काल आलेले सगळे म्हणताहेत की चढ सुरू झाला की हाक पाच मिनिटांवर आणू. इंटरकॉम ज्याला हवा तो घेईल, एकाच कंपनीचा. रेडिओचे दोन सेट मात्र ग्रुपच्या पैशातून याच आठवड्यात घेतोय.