सहा महिने कंत्राट, मग कायम? सल्ला हवा आहे

सर्व मंडळींना नमस्कार,

मस्कत सोडून आम्ही फोंड्याला परत आलो, पण मंडळाच्या यादीवर अजून आहे आणि सल्लाही इथेच मागतोय. वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम मिळतंय. मुलाखत छान झाली. मात्र पहिले सहा महिने कंत्राटावर, महिना एक लाख, नंतर कायम करू, असं एचआरचं म्हणणं. मसुद्यात वाक्य असं आहे: ‘सहा महिन्यांनंतर कामगिरी व जागेची उपलब्धता पाहून कंपनी कायम नेमणुकीचा विचार करू शकेल.’ आईने सत्तरी ओलांडली आहे, तिला मधुमेह आहे. हो म्हणू की थांबू?

फोंड्याहून

*

नमस्कार,

वेर्ण्यातच एचआरमध्ये नोकरी केली, असले मसुदे स्वतः तयार केले, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एवढंच विचारा: पगार कोणाच्या खात्यातून येणार? माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या रोलवर, म्हणजे तिच्या पगारपटावर, घेणार असतील तर पगाराची स्लिप मिळते, पीएफ कापला जातो, एजन्सीने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. सल्लागार म्हणून घेणार असतील तर दर महिन्याला बिल तुम्ही लावायचं. व्यावसायिक फी म्हणून 10 टक्के टीडीएस कापून पैसे येतील. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, त्याची चिंता नको. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असल्याने जीएसटीची नोंदणीही लागणार नाही. पण पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही, आणि आगाऊ कराच्या तारखा तुम्हीच सांभाळायच्या.

त्यामुळे दोन्हीकडचा एक लाख सारखा नाही. मूळ पगार 50,000 धरा. कंपनी पूर्ण मूळ पगारावर 12 टक्के पीएफ भरत असेल तर ते 6,000 झाले. ग्रॅच्युइटीचे महिन्याला साधारण 2,400. वर रजा आणि घरच्यांचा विमा. मी तुमच्या जागी असतो तर सल्लागार म्हणून सव्वा लाखाच्या खाली गेलो नसतो. दर दिवसावर असेल तर आणखी जपा. 4,000 रुपये रोजाने पाच दिवस चवथीला घरी राहिलात की 20,000 गेले, आणि चवथीला घरी न राहणारा फोंडेकर मी तरी पाहिलेला नाही.

तुमच्या मसुद्यातल्या त्या वाक्याला काहीही वजन नाही. ‘विचार करू शकेल’ म्हणजे कंपनीने विचार नाही केला तरी तिचं काही चुकत नाही. कंत्राटावर काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क आपोआप मिळतो, या समजावरही राहू नका. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 2001 साली स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात असा हक्क आपोआप मिळत नाही हे स्पष्ट केलंय, तेही कंत्राटी कामगारांच्या बाबतीत. निर्णय कोणत्या तारखेपर्यंत होणार, कोण घेणार, कायम झाल्यावर पद आणि पगार काय, आणि हे सहा महिने प्रोबेशनमध्ये धरणार का, एवढं लेखी मागा. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. मग आधी सहा महिने कंत्राट आणि वर पुन्हा सहा महिने प्रोबेशन, असं वर्ष जातं.

माझा आग्रह मात्र वेगळाच आहे. कंत्राट नकोच, कंपनीच्या स्वतःच्या रोलवर ठरावीक मुदतीची नेमणूक मागा. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्यात. त्यांत मुदतीवरच्या माणसाला तेच काम करणाऱ्या कायम माणसाइतकेच लाभ द्यावे लागतात, आणि ग्रॅच्युइटीला पाच वर्षं थांबावं लागत नाही, एक वर्ष पुरतं. माणूस आधी पारखून घ्यायचा हीच कंपनीची गरज असेल तर ती यातही भागते. तरीही कंत्राटावरच अडून बसले तर जागा खरोखर मंजूर आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

आईंसाठी कंपनीच्या विम्याची वाट बघू नका. 70 वर्षांवरच्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंत इस्पितळातले उपचार मिळतात, ते आधी काढा. खासगी पॉलिसीत जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, तेव्हा घ्यायची असेल तर उशीर करू नका.

मडगावहून

*

दादा, दोन ओळी माझ्याही. आमचे हे हॉटेलात असेच एजन्सीकडून लागले होते. मोसम संपला तशी हॉटेलने एजन्सी बदलली, आणि नव्या एजन्सीने सगळ्यांना पुन्हा नवीन धरलं. जुन्या एजन्सीने दोन महिने पीएफ कापून भरलाच नव्हता. तो यूएएनच्या, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकाच्या, पासबुकात दिसला नाही म्हणून कळलं, नाहीतर पत्ताही लागला नसता. तेव्हा एजन्सी असली तर दर महिन्याला पासबुक उघडून बघाच. आणि कंपनीची बस फोंड्याहून असेल तर तिच्यात कंत्राटी माणसाला जागा मिळते का, तेही विचारून ठेवा.

म्हापशाहून

*

काका, ताई, मनापासून आभार.

आज एचआरला फोन केला. एजन्सीच होती, मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. मुदतीच्या नेमणुकीचं विचारल्यावर आधी नाही म्हणाले, संध्याकाळी त्यांचाच फोन आला. एक वर्षाची नेमणूक कंपनीच्या रोलवर, महिना 92,000, पीएफ त्यावर वेगळा, आईचं नाव विम्यात. बसचंही विचारलं, जागा आहे. आठ हजार कमी झाले म्हणून घरात चर्चा चालू आहे. घेऊ ना?

फोंड्याहून

*

घ्या. पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरली तर कमी काहीच झालेलं नाही. सही करण्याआधी नोटिशीचं कलम बघा, तुम्हाला तीन महिने आणि कंपनीला पंधरा दिवस असं असेल तर दोन्हीकडे सारखं करून घ्या. आणि मुदत पूर्ण एका वर्षाची आहे, अकरा महिन्यांची नाही, हे तारखा मोजून पाहा, नाहीतर ग्रॅच्युइटी हुकेल.

मडगावहून